याल्साचे सभासदत्व नाशिकमधून: किशोरवयीन वाचकांच्या ग्रंथपालाला ते किती उपयोगी पडते?

नाशिकमधील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी गेली अकरा वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्या वाचनालयाला आतल्या बाजूने दोन दारे आहेत. डावीकडचे बालविभागात उघडते. तिथल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या आहेत आणि भिंतीवर ससा-कासव रंगवलेले आहेत. उजवीकडचे दार देवघेव विभागावरून अभ्यासिकेकडे जाते, जिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली मान वर न करता बसलेली असतात. सातवीत गेलेला मुलगा डाव्या दाराशी लाजतो आणि उजव्या दाराशी त्याला हटकले जाते, त्यामुळे तो दोन्ही दारांच्या मधल्या बोळात मोबाइल पाहत उभा राहतो आणि काही महिन्यांनी यायचा बंद होतो. वर्गणीदारांच्या नोंदवहीत हे स्पष्ट दिसते: पाचवी-सहावीपर्यंत नाव असते, मग वर्गणी थकते आणि पुढे ते नाव एकदम पदवीनंतर, अभ्यासिकेच्या यादीत सापडते. मधली पाच-सहा वर्षे हा वाचक कुठे होता, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

या मधल्या वयाच्या वाचकांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांची एक स्वतंत्र व्यावसायिक संघटना अमेरिकेत आहे आणि तिचे सभासदत्व परदेशातील ग्रंथपालालाही मिळते, हे मला एका चर्चासत्रात कळले. यंग अडल्ट लायब्ररी सर्व्हिसेस असोसिएशन असे तिचे पूर्ण नाव असून संक्षेपाने तिला याल्सा म्हणतात. मी दोन वर्षे तिची सभासद आहे. या काळात मैत्रिणींनी आणि परिसरातील शालेय ग्रंथपालांनी ‘घ्यावे का?’ असे इतक्यांदा विचारले, की एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते: केवळ वाचण्यासाठी किंवा नावापुढे लिहिण्यासाठी हे सभासदत्व घेऊ नये, कारण तेवढ्यासाठी जे लागते ते बहुतांश खुले आहे, एखाद्या समितीत किंवा कार्यगटात प्रत्यक्ष काम करण्याची तयारी असेल, तरच ते घ्यावे, आणि मग मात्र ते दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट परत करते.

संघटनेची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा याल्सा हा एक विभाग आहे. १९५७ मध्ये बालग्रंथालय सेवा आणि किशोरवयीनांची ग्रंथालय सेवा यांचे दोन वेगळे विभाग झाले आणि त्यातून आजची याल्सा जन्मली. सध्याचे नाव तिने १९९२ मध्ये घेतले. तिचा वाचक म्हणजे १२ ते १८ वयोगट. आपल्याकडे बालकुमार साहित्य असा जोडशब्द रूढ आहे आणि त्यातला ‘कुमार’ बहुतेक वेळा ‘बाल’च्या पाठीमागे लपून जातो, हे लक्षात घेतले, तर ही विभागणी किती मूलभूत होती ते कळेल. ज्या वयात आपल्याकडील वाचक हरवतो, नेमके तेच वय या संघटनेने जवळजवळ सात दशके आपल्या कामाचा विषय मानले आहे.

तिच्या पुरस्कारांची नावे पाहिली तरी या संघटनेचा स्वभाव समजतो. किशोरवयीनांसाठीच्या सर्वोत्तम साहित्यकृतीला २००० पासून मायकेल एल. प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो, आणि हे प्रिंट्झ कोणी लेखक नव्हते, तर कॅन्सस राज्यातील टोपीका येथील एका शाळेचे ग्रंथपाल होते. लेखकाच्या प्रदीर्घ योगदानासाठीचा दुसरा पुरस्कार मार्गारेट ए. एडवर्ड्स यांच्या नावाने १९८८ पासून दिला जातो. त्या बाल्टिमोरच्या ईनॉक प्रॅट ग्रंथालयात किशोरवयीनांची सेवा उभी करणाऱ्या ग्रंथपाल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी घोडागाडीतून पुस्तके वस्त्यांपर्यंत नेली होती. ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पुस्तकपेट्या ज्या शहरातून निघाल्या, त्या नाशिकच्या वाचकाला ही घोडागाडी परकी वाटणार नाही. आपल्याकडे मोठमोठे वाङ्मयीन पुरस्कार आहेत, परंतु देवघेवीच्या टेबलामागे आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावाचा साहित्य पुरस्कार मला तरी आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर या संघटनेकडे मी प्रथम ओढली गेले ती या एका गोष्टीमुळे.

आता सेवेकडे वळते. सभासद न होता काय मिळते, हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण बहुतेक वाचकांचे काम तेवढ्यावर भागेल. पुरस्कारप्राप्त पुस्तकांच्या आणि निवडक पुस्तकांच्या अनेक वर्षांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. किशोरवयीनांसाठीच्या ग्रंथालय सेवेचा पुनर्विचार मांडणारा २०१४ चा अहवाल विनाशुल्क उतरवून घेता येतो. संशोधनविषयक नियतकालिकही खुले आहे. सर्वांत उपयोगी मला वाटला तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला कर्मचाऱ्यांच्या क्षमतांचा दस्तऐवज. त्यात किशोरवयाची वाढ आणि विकास, मुलांशी वागणे-बोलणे, शिकण्याचे वातावरण, मुलांचा सहभाग आणि नेतृत्व, कुटुंब व परिसराशी नाते, सर्वांना समान संधी, कामाच्या परिणामांचे मूल्यमापन अशी एकूण दहा क्षेत्रे सांगितली आहेत आणि प्रत्येक क्षेत्रात कर्मचारी घडण्याच्या, सरावाच्या आणि परिवर्तन घडवण्याच्या अशा तीन पायऱ्यांपैकी कुठे उभा आहे, हे त्याचे त्यानेच ठरवायचे आहे. मी ते एका रविवारी वहीत उतरवून काढले. पुस्तकनिवडीत मी स्वतःला मधल्या पायरीवर ठेवले. मुलांच्या सहभागाच्या रकान्यात मात्र पहिल्या पायरीचाही पहिला काठ गाठता आला नाही, कारण अकरा वर्षांत मी एकाही तेरा वर्षांच्या मुलाला ‘तुला इथे काय हवे आहे?’ असे विचारलेले नव्हते. जिल्ह्यातील कोणत्याही ग्रंथपालाने, इंग्रजी जेमतेम येत असले तरी, शब्दकोश शेजारी ठेवून हा दस्तऐवज वाचावा. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

मग पैसे कशाचे? याल्सा हा विभाग असल्यामुळे तिचे सभासदत्व मूळ संघटनेच्या सभासदत्वाशी जोडलेले आहे, आणि शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. विद्यार्थी, परदेशी सभासद असे वेगवेगळे गट असतात आणि त्यांचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून मी येथे आकडा देत नाही. आपला गट कोणता हे नीट पाहून त्या वर्षाचा दर तपासावा. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयातील कर्मचाऱ्याच्या पगाराकडे पाहता ही रक्कम लहान नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. माझा पहिला प्रयत्न फसला तो रकमेमुळे नव्हे. माझ्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, आणि ते मला ठाऊक नव्हते. २०२० पासून नवीन कार्डे केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठीच चालू करून दिली जातात आणि परदेशी व्यवहार स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. शाखेत दोन खेपा झाल्या, तिथल्या बाबूंनी ‘मॅडम, अमेरिकेची लायब्ररी? ऑनलाइन फसवणूक तर नाही ना?’ असे दोनदा विचारले, आणि तिसऱ्या दिवशी रक्कम गेली.

त्या बदल्यात मिळते ते असे: संघटनेचे त्रैमासिक, सभासदांसाठीची ऑनलाइन व्याख्याने आणि त्यांची साठवलेली ध्वनिचित्रमुद्रणे, प्रकाशनांवर आणि अभ्यासक्रमांवर सवलत, आणि समित्यांसाठी नाव देण्याचा हक्क. पहिल्या तीन गोष्टी मी पहिले वर्षभर वापरल्या. त्रैमासिक चांगले आहे. ग्रंथालयातील प्रत्यक्ष अनुभवांवर लिहिणारे सभासदच त्यात लिहितात, त्यामुळे उपदेशाचा सूर कमी आणि कामाचा तपशील जास्त असतो. व्याख्यानांतले निम्मे आपल्याला लागू पडत नाहीत. सवलतींचा मला काहीही उपयोग झाला नाही, कारण पुस्तकावरच्या सवलतीपेक्षा ते नाशिकपर्यंत आणण्याचा टपालखर्च अधिक. वर्षाच्या शेवटी मी हिशेब मांडला, तेव्हा सभासदत्व महाग पडले असाच निष्कर्ष निघत होता, आणि नूतनीकरण करू नये असे जवळजवळ ठरले होते. चूक संघटनेची नव्हती. मी पहिल्या वर्षी स्वेच्छेने काम करण्याचा अर्जच भरला नव्हता. आपल्याला कोण घेणार, अशी एक सवयीची भीती होती.

दुसऱ्या वर्षी तो अर्ज भरला. समित्यांचे साधारण दोन प्रकार असतात, हे येथे सांगणे उपयोगाचे आहे. एक प्रकार पुरस्कारांचा आणि पुस्तकनिवडीचा. प्रिंट्झ समितीत नऊ सभासद असतात, वर्षभर पुस्तकांचा ढीग वाचावा लागतो, चर्चा गोपनीय राखावी लागते आणि प्रकाशकांशी हितसंबंध नसल्याचे कळवावे लागते. ज्याला घरदार आणि नोकरी सांभाळून रोज रात्री इंग्रजी कादंबरी वाचणे शक्य नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. शिवाय अमेरिकेत नुकतीच प्रसिद्ध झालेली पुस्तके आपल्या हाती येणे हेच मुळात अवघड. दुसरा प्रकार कामकाजाच्या समित्यांचा आणि अल्पमुदतीच्या कार्यगटांचा: मार्गदर्शक साहित्य तपासणे, उपक्रमांची माहिती एकत्र करणे, प्रशिक्षणाचा आराखडा करणे. हे काम ऑनलाइन चालते आणि त्यासाठी प्रवास लागत नाही. मला अशाच एका लहान कार्यगटात जागा मिळाली.

या कार्यगटातल्या चार महिन्यांनी मला जे शिकवले, ते ग्रंथालयशास्त्राच्या पदवीने शिकवले नव्हते. पहिली गोष्ट म्हणजे मत मांडण्याआधी निकष लिहून काढण्याची शिस्त. आमच्या ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत ‘हे पुस्तक चांगले आहे’ आणि ‘मला नाही आवडले’ या दोन वाक्यांवर निर्णय होतात. चहा येतो, ज्येष्ठ सदस्यांचे मत शेवटचे ठरते आणि यादीवर सह्या होतात. तिथे मात्र एखादे साहित्य ठेवावे की वगळावे, यावर प्रत्येकाने आधी ठरलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे पाठवायची, गुण आधी सांगायचे, उणीव सांगताना नेमका उतारा दाखवायचा, आणि मगच बैठकीत बोलायचे, अशी पद्धत होती. मी पहिल्या वेळी ‘हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटेल’ असे लिहिले. अध्यक्ष असलेल्या ग्रंथपालबाईंनी अतिशय सौम्यपणे विचारले, की तुमच्या ग्रंथालयातील कोणत्या मुलांना हे दाखवले होते? माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बोळात उभ्या असलेल्या तिघांना आत बोलावले, त्या भागाचे मराठीत तोंडी भाषांतर करून ऐकवले आणि त्यांचे म्हणणे टिपून घेतले. त्यांना तो भाग कंटाळवाणा वाटला नाही. मी तसे कळवले, आणि माझ्या आयुष्यातील बहुधा पहिली लेखी माघार घेतली.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि तिच्याबद्दल इच्छुकांना आधीच सावध करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन वाजलेले असतात, तेव्हा त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास मागे जातात आणि मग तीच बैठक आपल्याला रात्री साडेबाराला येते. मला हे ठाऊक नव्हते. नोव्हेंबरातल्या पहिल्या बैठकीला मी साडेअकराला तयार होऊन, केस विंचरून, रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसले आणि सगळे मला विसरले असे समजून झोपायला निघाले, तेवढ्यात बैठक सुरू झाली. पावसाळ्यातील बैठकींची तऱ्हा वेगळीच. गोदावरीला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगाला भिडलेले, घरची वीज गेलेली आणि मी मोबाइलच्या प्रकाशात ‘मुलांच्या सहभागाची सूचके’ या विषयावर बोलते आहे, हे दृश्य माझ्या मुलाने अजून घरात चर्चेत ठेवले आहे. महिन्यातून एकदोन रात्री जागता येत असतील, तरच या कामात पडावे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडील संघटनांत मी वर्षानुवर्षे जाते. राज्य ग्रंथालय संघ आणि जिल्हा ग्रंथालय संघ यांच्या अधिवेशनांत अनुदान, दर्जावाढ, वेतनश्रेणी, तपासणी हेच विषय असतात, आणि ते असायलाच हवेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमावर उभे असलेले हे सारे क्षेत्र त्याच प्रश्नांवर जगते. १९३३ पासूनची इंडियन लायब्ररी असोसिएशन मोठ्या पटावर काम करते. परंतु ‘आठवीतील मुलगी आपल्या वाचनालयात संध्याकाळी सहा वाजता आली, तर तिने कुठे बसावे?’ हा प्रश्न मी कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेला नाही. याल्साच्या कार्यगटात तो प्रश्न हेच काम होते. स्वतःच्या प्रश्नाला व्यवसायाचा दर्जा मिळालेला पाहणे ही मोठी गोष्ट असते. पैसे त्याचे दिले असे मी समजते.

या सेवेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिच्या याद्या अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकांच्या असतात. परदेशी पुस्तकाचीही अमेरिकन आवृत्ती निघाली तरच ते प्रिंट्झसाठी विचारात येते. मराठी कुमारसाहित्याची एकही ओळ त्यात सापडणार नाही, आणि सापडावी अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. याद्या घेऊन दुकानात जाणाऱ्याचा अपेक्षाभंग होईल. याद्या कशा केल्या हे शिकणाऱ्याचा होणार नाही. दुसरे, तिथले पुष्कळसे लेखन पुस्तकांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांविषयी असते. मूळ संघटनेच्या नोंदीनुसार केवळ २०२३ मध्ये तिथल्या ग्रंथालयांतील ४,२४० वेगवेगळ्या शीर्षकांवर आक्षेप घेतले गेले, त्यामुळे त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. आमच्याकडे आक्षेप एखाद्या पुस्तकावर क्वचितच येतो. तो येतो दहावीच्या वर्षात अभ्यासाखेरीज कोणतेही पुस्तक हातात घेण्यावर, आणि त्याला तोंड देण्याची युक्ती कोणत्याही व्याख्यानात सांगितलेली नाही. तिसरे, मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे त्यांचे साहित्य त्यांच्या कायद्यांवर बेतलेले आहे. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, म्हणून मुलांचा गट जमवताना दोन प्रौढ हजर हवेत, दार उघडे हवे, मुलींना वेळेत घरी पोहोचता यावे, हे नियम आपले आपणच लिहावे लागतात. आम्ही ते लिहिले आणि पालकांच्या सह्या घेतल्या.

या सभासदत्वातून नाशिकमध्ये प्रत्यक्ष काय उतरले, हे सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. याल्साचा एक उपक्रम असा आहे, की निवडक ग्रंथालयांतील किशोर वाचकांचे गट वर्षाच्या पुस्तकांची नामांकने करतात आणि अंतिम दहा पुस्तके मुलांच्याच मतदानाने ठरतात. प्रौढांनी त्यात बोलायचे नसते. मी तो आमच्या आकाराला कापून घेतला. बोळातल्या मुलांपासून सुरुवात झाली, मग कॉलेज रोडवरच्या क्लासला जाणाऱ्या दोन मुली आल्या, आणि पाहता पाहता चौदा जणांचा वाचकगट झाला. त्यांनी वाचनालयातील मराठी पुस्तकांतून पंचवीस नावे काढली. त्या पंचविसात किशोरांसाठी म्हणून छापलेली पुस्तके जेमतेम सहा होती; उरलेली सगळी मोठ्यांच्या कपाटातली, रहस्यकथा, प्रवासवर्णने, गिर्यारोहकांची आत्मकथने आणि एक तर चक्क विहीर खोदण्याच्या तंत्राचे पुस्तक, जे सुचवणाऱ्या मुलाने दिंडोरीजवळच्या आपल्या मामाच्या शेतासाठी वाचले होते. याल्साचे ॲलेक्स पुरस्कार नेमके याच गोष्टीसाठी आहेत: प्रौढांसाठी लिहिलेली, पण १२ ते १८ वयाला भावतील अशी दहा पुस्तके दरवर्षी निवडायची. ॲलेक्स हे मार्गारेट एडवर्ड्स यांचे मित्रमंडळींतले नाव होते. तो पुरस्कार काय सांगतो, हे मला विहिरीच्या पुस्तकाने समजले.

अडचण पुढेच होती. बालविभागाच्या वर्गणीदाराला मोठ्यांच्या कपाटातील पुस्तक घरी नेता येत नाही, असा आमचा नियम. मी विषय कार्यकारी मंडळापुढे नेला. मूळ संघटनेच्या ग्रंथालय हक्कांच्या सनदेत १९६७ पासून वयाचा उल्लेख आहे आणि वयामुळे कोणाचाही ग्रंथालय वापरण्याचा हक्क डावलू नये असे ती सांगते, हे मी मराठीत करून वाचून दाखवले. आमचे कार्यवाह, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, शांतपणे म्हणाले, ‘ताई, ती अमेरिकेची सनद आहे. आपल्याकडे आपली घटना आहे आणि त्यात अनामत रकमेचे कलम आहे. साडेतीनशेचे पुस्तक हरवले, तर बालविभागाच्या शंभराच्या अनामतीतून ते कसे भरून काढायचे, तेवढे त्या सनदेत पाहून सांगा.’ मी निरुत्तर झाले, आणि त्यांचे बरोबर होते. सनदेने दार उघडले नाही. ते उघडले हिशेबाने. मुलांनीच सुचवले, की दोनशे रुपयांपर्यंतची पुस्तके जुन्या अनामतीवर द्यावीत आणि त्याहून महाग पुस्तक वाचनकक्षातच वाचावे. अण्णांनी ते मान्य केले, शिवाय ‘ही पोरे आपल्या खजिनदारापेक्षा बरा हिशेब करतात’ असा शेराही मारला.

मतदान आम्ही १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी घेतले. योगायोगाने याल्साचाही किशोरवयीन वाचकांचा महिना ऑक्टोबरच असतो. १९९८ पासून ती त्या महिन्यात वाचन सप्ताह साजरा करीत असे आणि २०१९ पासून तो महिनाभर चालतो. त्यामुळे तिथल्या उपक्रमांचे साहित्य वेळेवर हाती येते आणि शाळांना दिनविशेषाच्या निमित्ताने सहज बोलावता येते. चिठ्ठ्या मुलांनीच मोजल्या. दहांत विहिरीचे पुस्तक आले नाही, याचे मला त्या मुलापेक्षा अधिक वाईट वाटले.

जागेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. किशोरवयीनांच्या दालनाविषयी याल्साने २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिलेच तत्त्व असे आहे, की दालनाची आखणी करताना मुलांचे म्हणणे घ्यावे. आमच्याकडे दालन नाही, बोळ आहे. मुलांना विचारले तेव्हा त्यांनी सोफा किंवा संगणक मागितला नाही. एक लांब बाक, डोक्याच्या उंचीवर दिवा आणि ‘इथे बसून काय करतोस?’ असे कोणी न विचारण्याची हमी, एवढेच मागितले. बाक एका वर्गणीदार सुताराने स्वस्तात करून दिला. दिवा लागला. हमीचे काम चालू आहे, कारण अभ्यासिकेतील मोठी मुले हसण्याच्या आवाजाची तक्रार करतात आणि त्यांचेही चुकते असे म्हणता येत नाही.

आता कोणी हे सभासदत्व घ्यावे, याबद्दल. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, विशेषतः मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी करणारे, यांनी आधी खुले साहित्य वाचावे आणि विद्यार्थी गटाचा दर परवडला तर एक वर्ष घेऊन पाहावे. शालेय ग्रंथपालांनी, ज्यांना वर्गावर तासिका, परीक्षेचे काम आणि पाठ्यपुस्तकांचे वाटप यांतून उसंत नाही, त्यांनी तूर्त घेऊ नये. त्यांच्यासाठी क्षमतांचा दस्तऐवज आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची किशोरवयीन सेवांविषयीची, २००८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी आहेत, आणि दुसरे पुस्तक तर जगभरातील ग्रंथालयांसाठी लिहिलेले असल्यामुळे आपल्याला अधिक जवळचे वाटते. वाचनालयाच्या नावाने संस्था म्हणून पैसे भरून घेण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्याने आधी कोण जागणार हे ठरवावे. ज्यांचे इंग्रजी लिहिणे कच्चे आहे, त्यांना मात्र मी थांबवणार नाही. माझेही कच्चेच होते. माझी वाक्ये लहान असत, व्याकरण अडखळत असे, पण कार्यगटात त्यावरून कोणी काही बोलले नाही. मुलांकडून काय ऐकले एवढेच विचारले जाई.

यंदा नूतनीकरणाची सूचना आली, तेव्हा मी शुल्क स्वतःच भरले. या खेपेस बँकेत जावे लागले नाही. वाचनालयाने पैसे द्यावेत असा अर्ज मी केला नव्हता. मी मागितले होते ते वेगळे, आणि कार्यकारी मंडळाच्या सभेत ते मंजूर झाले: ज्या रात्री समितीची बैठक असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाने एक तास उशिरा यावे, आणि त्या तासात देवघेवीचे टेबल वाचकगटातील दोन मुलांनी लिपिकाच्या देखरेखीखाली सांभाळावे. इतिवृत्तात सूचक म्हणून अण्णांचे नाव आहे.